दहा दाणे आणि एक पट्टी

गेल्या हंगामात आमच्या गटाने बारा घरांचं भात एकत्र केलं. त्यात इंद्रायणी होती, जाडं भातही होतं. व्यापाऱ्याने मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, बोटाने पसरला आणि सगळ्या मालाला जाड्याचा भाव सांगितला. त्याने काय पाहिलं, ते आम्हांला कळलंच नाही. आता कळलंय, म्हणून सांगते.

भाताचे दहा अख्खे दाणे सोला. पोरांची पट्टी घ्या. दाणे टोकाला टोक लावून ओळीत ठेवा, लांबी मोजा. मग तेच दाणे सपाट बाजू खाली करून शेजारी शेजारी ठेवा, रुंदी मोजा. लांबीला रुंदीने भागा. लांबी ५५ मिलिमीटर आणि रुंदी २० आली, तर उत्तर २.७५. आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक.

सरकारी आधारभूत खरेदीतही हेच बघतात. २.५ किंवा जास्त आलं तर 'अ' प्रत, कमी आलं तर साधारण. २०२५-२६ साठी 'अ' प्रतीला क्विंटलला २३८९ रुपये आणि साधारणला २३६९ रुपये भाव ठरला. फरक वीसच रुपयांचा. पण इंद्रायणी म्हणजे आंबेमोहराची लेक. तिच्या वासाचे, मऊ भाताचे पैसे खुल्या बाजारात मिळतात. ती जाड्यात मिसळली की ते गेलेच.

भेसळीचा तोटा गिरणीतही होतो. गिरणीचे रबरी रोलर एकाच जाडीवर बसवलेले असतात. जाडा दाणा त्यात फुटतो, बारीक दाणा न सोलताच बाहेर पडतो. कणी वाढते.

कणी वाढायचं दुसरं कारण आपल्याच अंगणात असतं. कडक उन्हात पातळ पसरून घाईने वाळवलं की दाण्याला आतून तडे जातात. म्हणून जरा जाड थर करा, सारखं हलवा, दुपारी झाका. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. साठवायचं तर त्याहून सुकं हवं.

यंदा आम्ही वाणाप्रमाणे पोती वेगळी ठेवली, प्रत्येकावर कोळशाने नाव लिहिलं. विकायला जाताना दहा दाणे आणि पट्टी बरोबर नेणार आहोत. तुम्हीही न्या. भाव सांगणाऱ्यासमोर आधी आपणच मोजून दाखवू.