फुले टाकण्यापूर्वी जन्माचा दाखला पाहा

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपुढे मी वकील या नात्याने उभा आहे. तथापि कायदा सांगण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या नात्यातील एका मुलीच्या मंगल परिणयास मी हजर होतो. मुलगी सतरा वर्षांची होती. हे मला ठाऊक होते आणि कायदाही मुखोद्गत होता. तरीही नाते तुटेल या भीतीने मी गप्प बसलो. फुले टाकली, जेवलो आणि घरी आलो. त्या मुलीचे शिक्षण त्या दिवशी संपले. तो अपराध एकट्या तिच्या बापाचा नव्हता, माझाही होता.

आपण दीक्षा घेतली, मुहूर्त टाकला, जुने विधी टाकले. परंतु मुलीच्या वयाचा हिशेब जर जुनाच राहिला, तर घरात पालट झाला असे कसे म्हणावे? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, असे आपल्या भगिनींस बजावले होते. आणि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती.

असे का होते? आपला मुलूख उसाचा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील गळीत सुरू झाले की बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणून मुलाचे दोनाचे चार हात लवकर केले जातात. ज्यांचे आईबाप दिवसभर शेतावर वा कारखान्यावर असतात, त्यांस घरी एकट्या राहिलेल्या मुलीची धास्ती वाटते. ही धास्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मुलगी कोवळ्या वयात परक्या घरी धाडल्याने ती सुरक्षित होत नाही. धोक्याचे घर तेवढे बदलते.

आता कायदा ऐका. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. मुलीस १८ व मुलास २१ वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. धर्म कोणताही असो. बालविवाह ठरविणारे पालक, तो लावणारा, आणि अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा प्रौढ पुरुष यांस दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणाऱ्यांत आपले बौद्धाचार्यही आले. यास्तव जन्माचा दाखला पाहिल्याखेरीज त्यांनी त्रिशरण-पंचशील देण्यास उभे राहू नये.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध ठेवणे हाही बलात्काराचा गुन्हा होय. अशी मुलगी गरोदरपणी रुग्णालयात आली, तर पोलिसांस कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. या भीतीने कोणी मुलीस घरीच बाळंत करू नये. तिचा व बाळाचा जीव खटल्याहून मोठा आहे.

लग्न होऊनच गेले असेल, तरी मुलीची वाट बंद झालेली नाही. ते लग्न रद्द करण्यासाठी तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, न्यायालयात अर्ज करता येतो. पोटगी व निवाऱ्याची मागणीही करता येते. तिला मूल झाले असेल तर ते कायद्याने औरसच मानले जाते. हे आपल्या लेकीबाळींस अवश्य सांगा.

आणि लग्न अजून व्हायचे असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत आणि सांगणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. खेड्यात ग्रामसेवकावर हे लग्न थांबविण्याची जबाबदारी आहे. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच निरर्थक ठरते. अशा मुलीचे रक्षण करण्यासाठी जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते.

परंतु नुसता मज्जाव करून भागत नाही. गरीब घरास आधारही हवा. पितृछत्र वा मातृछत्र हरपलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरांस लेक लाडकी योजना आहे. तिच्यात टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात आणि त्यांतील ७५,००० रुपये मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर. अंगणवाडी सेविकेस विचारा, अर्ज भरा. हे कोणाचे उपकार नव्हेत.

बंधुभगिनींनो, मी गप्प बसलो त्या दिवशी मांडवात दोनशे माणसे होती. त्यांपैकी एकाने जरी वय विचारले असते, तरी ती मुलगी आणखी शिकली असती. पुढच्या मांडवात तो एक माणूस आपण व्हा, एवढेच माझे मागणे आहे.

जयभीम!