हुम्मुस : तेलाविना मऊ

पुरणपोळीच्या पुरणात कोणी तेल घालते का? नाही घालत. तरी चांगले पुरण लोण्यासारखे मऊ असते. आणि डाळीची एखादी कणी राहिलीच, तर लाटताना पोळी नेमकी तिथे फुटते. हे आपल्या घरोघरच्या आयाबायांना सांगावे लागत नाही. आज ज्या पदार्थाबद्दल बोलायचे आहे तो पश्चिम आशियातला आहे, पण त्याचे मर्म पुरणाच्याच मर्माशी जुळते. त्या पदार्थाचे नाव हुम्मुस.

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील देशांत हे रोजचे खाणे आहे. इस्रायलमध्ये आणि इजिप्तमध्येही ते खातात. 'हुम्मुस' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. पदार्थाचे पुरते नाव 'हुम्मुस बि तहीना', म्हणजे तिळाच्या वाटणातला हरभरा. काबुली हरभरा शिजवायचा, वाटायचा, त्यात तिळाचे वाटण, लिंबू, लसूण आणि मीठ मिसळायचे, की झाले. सकाळी न्याहारीला लोक गरम रोटीच्या तुकड्याने तो पुसून खातात, जसे आपण भाकरीने पिठले खातो. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या कोकणातल्या पुष्कळ मंडळींना ही चव ठाऊक आहे. आता मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतूनही ती मिळते.

हरभरा मूळचा त्याच बाजूचा. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने तो पेरायला सुरुवात केली असे मानतात. तीळ मात्र आपल्या उपखंडातले. हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ सापडले आहेत. म्हणजे हुम्मुसच्या एका ताटलीत तिकडचा हरभरा आणि इकडचा तीळ शेजारी बसले आहेत! तिथल्या लोकांना या पदार्थाचा अभिमान किती म्हणाल, तर २०१० साली लेबनॉनच्या आचाऱ्यांनी १०,४५२ किलोचा हुम्मुस एकाच ताटात करून जागतिक विक्रम केला. हाच आकडा का? तर त्यांच्या देशाचे क्षेत्रफळ तितके चौरस किलोमीटर आहे म्हणून!

असो. आता मुद्द्याकडे वळू. हा पदार्थ आपल्याकडे घरी करून पाहणाऱ्यांची एक तक्रार असते की, तो रवाळ होतो, घशाशी चिकटतो. मग कोणीतरी सांगते, "तेल घाला, सैल होईल." चार चमचे तेल पडते, वाटण जरा सरकते, पण कणी तशीच राहते. बाजारात जे तयार डबे मिळतात, त्यांतल्या अनेकांवर सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे तेल घातल्याचे छापलेले असते. त्यामुळे वाचणाऱ्याची समजूत होते की तेलाशिवाय हुम्मुस मऊ होतच नाही. पण ज्या देशांत तो पिढ्यानपिढ्या होतो, तिथे वाटताना तेल घालण्याची चाल नाही. ताटलीत वाढल्यावर वरून ऑलिव्हच्या तेलाची धार सोडतात, ती चवीसाठी आणि शोभेसाठी. ती धार गाळली तरी हुम्मुस तितकाच मऊ राहतो. तेल महाग आहे, आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून आणावा लागतो, आणि कित्येक घरांत वैद्यांनी तेल कमी करा म्हणून सांगितलेले असते. तेव्हा ही गोष्ट समजून घेण्याजोगी आहे.

मग मऊपणा येतो कोठून? तो येतो शिजण्यातून. हरभऱ्याचा दाणा असंख्य बारीक पेशींचा बनलेला असतो. विटांच्या भिंतीत चुना असतो ना, तसा पेशी-पेशींमध्ये पेक्टिन नावाचा एक चिकट पदार्थ असतो. शिजताना हा चुना विरघळला की दाणा बोटात विरतो. न विरघळला तर मिक्सर कितीही फिरवा, नुसते बारीक तुकडे होतात; आणि ते तुकडे म्हणजेच कणी.

आता हा चुना विरघळू न देणाऱ्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जुने धान्य. उष्ण आणि दमट जागी फार दिवस पडलेला हरभरा अधिकाधिक कठीण होत जातो. यंदाच्या रब्बीचा माल असेल तर उत्तम. आपल्याकडे काबुली हरभऱ्याचे चांगले वाण आहेत. राहुरीच्या कृषि विद्यापीठाचा 'विराट' शेतकरी बंधूंना माहीत आहेच. दुसरी गोष्ट, आंबट. लिंबू, चिंच, टोमॅटो आधी घातले तर दाणा शिजायला वेळ घेतो. म्हणून आंबट नेहमी शेवटी.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्याकडेच आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. आपल्या पठारावरील कितीतरी गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, तपेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, आणि "या पाण्यात डाळ शिजत नाही" असे म्हातारी माणसे म्हणतात. ती अगदी बरोबर म्हणतात. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ते त्या पेक्टिनला धरून बसतात आणि भिंत आणखी पक्की करतात. अशा गावात पाणी आधी खळखळून उकळावे, निवू द्यावे, पांढरा गाळ खाली बसला की वरचे पाणी हलकेच ओतून घ्यावे. सगळा जडपणा जात नाही, पण पुष्कळसा जातो. साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी मिळाले तर त्याहून चांगले.

आणि इथे आपला खाण्याचा सोडा मदतीला येतो. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि पेक्टिन लवकर सुटते. साले तर फारच लवकर मऊ पडतात. पण सोडा जपून घालावा. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, आणि धान्यातील 'ब-१' जीवनसत्त्वाचाही काही भाग नष्ट होतो. म्हणून तो भिजवण्याच्या पाण्यात घालावा, आणि ते पाणी टाकून द्यावे.

आता कृती सांगतो. माताभगिनींनी, आणि हो, घरातल्या पुरुषांनीही कागद-पेन्सिल घ्यायला हरकत नाही.

एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम काबुली हरभरे निवडून धुवावेत. भरपूर पाण्यात चहाचा अर्धा चमचा सोडा घालून रात्रभर, दहा-बारा तास भिजत टाकावेत. सकाळी ते पाणी ओतून टाकून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. धुताना दोन्ही तळव्यांत हलके चोळले तर बरीच साले सुटून वर तरंगतात, ती काढून टाकावीत. एकेक साल सोलत बसण्याचे कारण नाही.

मग ताजे पाणी घालून शिजवावेत. उघड्या पातेल्यात तास-दीड तास लागतो. वर फेस आला तर झाऱ्याने काढावा. कुकरमध्ये शिटी झाल्यावर मंद आचेवर २० ते २५ मिनिटे ठेवावे. कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, कारण हरभऱ्याला फेस फार येतो आणि एखादे साल वाफेच्या भोकात अडकू शकते. शिजल्याची परीक्षा अशी : दाणा अंगठा आणि तर्जनी यांत धरून अगदी हलके दाबावा. तो लोण्यासारखा पसरला पाहिजे. मध्ये टणक गाठ लागली, तर आणखी दहा मिनिटे. उसळीला शिजतो तेवढा हरभरा इथे पुरत नाही; इथे तो पुरणाच्या डाळीइतका शिजायला हवा. दाणे निथळून घ्यावेत आणि शिजवलेले पाणी जपून ठेवावे.

हरभरे शिजेपर्यंत तिळाचे पाहू. साल काढलेले पांढरे तीळ १०० ग्रॅम घ्यावेत. मंद आचेवर नुसते गरम होईपर्यंत भाजावेत; तांबूस झाले तर वाटण कडवट लागते. निवल्यावर वाटायला घ्यावेत. आधी त्याचा कूट होईल. संक्रांतीच्या वेळी आपण तिथेच थांबतो. इथे थांबायचे नाही. कडेचे खरवडून आत घालावे आणि पुन्हा वाटावे. तिळाला तेल सुटू लागते, कुटाचा गोळा होतो, आणि मग गोळा सैल पडतो. मिक्सर तापला तर मध्ये विश्रांती द्यावी. पाट्या-वरवंट्यावरही हे होते, वेळ मात्र अधिक लागतो. बाहेरून तेलाचा थेंबही घालू नये.

आता त्या तिळाच्या वाटणात दोन लिंबांचा रस, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि चहाचा पाऊण चमचा मीठ घालावे. लसूण लिंबाच्या रसात का? तर लसूण ठेचल्यावर त्याचा उग्रपणा एका रासायनिक क्रियेने वाढत जातो, आणि आंबटाने ती क्रिया मंदावते. मग एकेक मोठा चमचा थंड पाणी घालून घोटावे. पहिल्या-दुसऱ्या चमच्याला वाटण एकदम घट्ट होईल, फाटल्यासारखे दिसेल. बरेच जण इथेच घाबरून तेलाची बाटली उघडतात. धीर धरा. आणखी दोन-तीन चमचे पाणी जाऊ द्या. तेच वाटण पांढरे, सायीसारखे होते. तिळातले तेल आणि पाणी यांचे दुधासारखे मिश्रण जमते, म्हणून असे होते.

शेवटी हरभरे कोमट असतानाच आधी वेगळे, अगदी गंधासारखे वाटावेत. पुरे गार झाले की त्यांतला स्टार्च घट्ट बसतो. पण फार कढत असताना बंद भांड्यात फिरवू नयेत, वाफेने झाकण उडते. वाटताना लागेल तसे ते राखून ठेवलेले पाणी घालावे. मग त्यात तिळाचे मिश्रण घालून पुन्हा चांगले फिरवावे. निवल्यावर हुम्मुस घट्ट होतो, म्हणून गरम असताना थोडा सैलच ठेवावा. ताटलीत पसरून वर जिऱ्याची पूड आणि थोडे लाल तिखट भुरभुरावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर, काकडीच्या फोडींबरोबर छान लागतो.

आता आपण म्हणाल, "तिळात तेल असतेच की!" खरे आहे. तिळाचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे. १०० ग्रॅम तिळातून सुमारे ५० ग्रॅम तेल या पदार्थात येते, आणि ते सहा-सात माणसांत वाटले जाते. त्यावर आणखी ओतायची गरज नाही, एवढेच आपले म्हणणे. ज्यांना तेही कमी करायचे आहे, त्यांनी तीळ निम्मे घ्यावेत आणि राखलेले पाणी थोडे वाढवावे. त्या पाण्यात हरभऱ्याचा स्टार्च आणि प्रथिने उतरलेली असतात, त्यामुळे मिश्रण मिळून येते. चव थोडी बदलेल, मऊपणा मात्र राहील. काबुली हरभरा नसेल तर हरभऱ्याची डाळ घ्या. तिला साल नसते. लेबनॉनचा माणूस त्याला हुम्मुस म्हणणार नाही कदाचित, पण खाऊन पाहील!

वाळलेल्या हरभऱ्यात शंभर ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. दात पडलेल्या आजोबा-आजींना उसळ चावत नाही, म्हणून त्यांच्या ताटातून कडधान्य हळूहळू नाहीसे होते आणि नुसता भात-आमटीचे पाणी उरते. त्यांना हे वाटण सहज खाता येते. दोन सूचना मात्र आहेत. काहींना तीळ सोसत नाहीत. अंगावर पित्त उठते, श्वासाला त्रास होतो. त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि हा पदार्थ ओला आहे, तेव्हा उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावा. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यासाठी यात एक चांगला पाठ आहे. तीन सारखी भांडी घ्या. एकात गावच्या विहिरीचे पाणी, दुसऱ्यात तेच पाणी उकळून निवळलेले, तिसऱ्यात विहिरीच्याच पाण्यात चिमूटभर सोडा. प्रत्येकात रात्रभर भिजवलेले वीस-वीस हरभरे घालून सारख्या आचेवर सारखा वेळ आपण स्वतः शिजवा. मग निवलेले दाणे मुलांना बोटांनी दाबून पाहू द्या. वीसपैकी किती सहज चिरडले, ते फळ्यावर मांडा. जड पाणी, अल्क, आम्ल हे शब्द मुले पुस्तकात वाचतात. त्या दिवशी ते शब्द त्यांच्या बोटांना कळतील, आणि संध्याकाळी एखादे पोर घरी जाऊन आईला सांगेल की डाळ का शिजत नाही. चुलीपाशी अर्धा तास अधिक बसणाऱ्या त्या माउलीचा वेळ आणि सरपण त्यातून वाचले, तर पाठाचे सार्थक झाले म्हणायचे.

तेव्हा मंडळी, धान्य नवे, पाणी हलके, आंबट शेवटी, आणि दाणा बोटात विरेपर्यंत चुलीवर. एवढे सांभाळले की तेलाची बाटली फळीवरच राहू द्यावी.