घरातील वस्त्रकाम : विशेषतः गोधडी

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत 'महाराष्ट्रातील घरगुती वस्त्रकाम आणि कुटुंब' असा विषय जाहीर झाला असून टकळीवरची सूतकताई, कशिदा आणि भरतकाम, दोन सुयांवरचे लोकरीचे विणकाम, क्रोशाची तोरणे, रुखवतातील मण्यांचे काम, फाटक्या कपड्यांची दुरुस्ती असे पुष्कळ काही त्यात सामावते. या सर्वांची ओळख उपस्थितांना, विशेषतः पुढच्या रांगांतील ज्येष्ठ श्रोत्यांना, चांगली असल्याने तिची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचे कवंद ही थर शिवून केलेली, गोधडीसारखीच वस्त्रेही सर्वश्रुत आहेत. आजचे विवेचन गोधडीपुरते आणि तिच्याविषयीच्या एका मतापुरते राहील. ते मत असे, की गोधडी घरातल्या लहानथोर, बाईपुरुष अशा सगळ्या हातांनी मिळून शिवायची असते आणि तशी ती पुन्हा शिवली जाऊ लागली, तरच ती टिकेल. प्रदर्शनातून विकत आणून ती टिकणार नाही.

गोधडी म्हणजे जुन्या, वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून, धावदोऱ्याने, म्हणजे सुई सरळ रेषेत खालीवर नेत घातलेल्या साध्या टाक्याने, एकजीव केलेले पांघरूण. घाटावर अनेक गावांत तिला वाकळ म्हणतात, तर तान्ह्या बाळासाठी केलेल्या लहान, पातळ गोधडीला दुपटे म्हणतात. अस्तर म्हणजे खालचा सलग थर, वरची बाजू म्हणजे त्यातल्या त्यात धडक्या कापडाचा थर आणि दोहोंमध्ये धोतरे, सदरे, परकर, उशांचे अभ्रे अशा विरलेल्या कापडांची भर, ही तिची रचना होय. नऊवारी लुगड्याचे आणि गोधडीचे नाते निव्वळ गणिताने कळते: नऊ वार म्हणजे २७ फूट आणि त्याचे चार समान भाग केले की प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा येतो, जो निजलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरतो. लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण सव्वा वार असल्याने एका लुगड्यातून एका माणसाच्या गोधडीचे चार थर मिळतात आणि कापड फारसे वाया जात नाही.

कापड जुनेच का, याचेही कारण आहे. नव्या कापडाला खळ असते, म्हणजे धाग्याला ताठपणा यावा म्हणून दिलेली पिठूळ कांजी. ती धुण्याधुण्यांतून निघून जाते, धागा सैल होतो आणि कापड अंगाला लागत नाही. म्हणूनच बाळंतविड्यात, म्हणजे बाळ-बाळंतिणीसाठी माहेरून येणाऱ्या अंगडी-टोपडी, कुंची, दुपटी यांच्या संचात, दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे असावे असा आग्रह धरला जाई आणि तो आग्रह नवजात त्वचेचा विचार करता पूर्णपणे योग्य होता. गोधडीची ऊब थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेतून येते. टाके फार दाट घातले तर ती हवा उरत नाही आणि फार विरळ घातले तर आतली भर गोळा होते, त्यामुळे ओळींमधील अंतर हा सजावटीपेक्षा उबेचा प्रश्न अधिक आहे.

आता मुख्य मुद्दा. अनेक ठिकाणी गोधडी कडेने शिवायला घेतात आणि चारही बाजूंनी फिरत, एकात एक बसणाऱ्या चौकोनांच्या ओळी घालत, मध्याकडे येतात. या पद्धतीत कडा आधी पक्क्या होतात हे खरे, परंतु थरांमध्ये जो काही सैलपणा राहिलेला असतो तो प्रत्येक ओळीबरोबर आत ढकलला जातो आणि शेवटी मधोमध चुण्या येऊन साठतो. हा दोष टाळण्याचा उपाय एकच: सुरुवातीलाच सगळे थर ताणून, सपाट करून, लांब लांब कच्च्या टाक्यांनी धरून ठेवणे. गोधडी लाकडी चौकटीवर ताणलेली नसते, ती अंगणात किंवा माजघरात जमिनीवर पसरलेली असते. कोपऱ्यांवर दगड ठेवले तरी समोरासमोर बसून एकाच वेळी ओढणारी माणसे लागतातच. एकट्या माणसाने घातलेली गोधडी चुणीशिवाय उतरणे फार अवघड असते आणि ज्या घरात ती नीट उतरली आहे, तेथे पहिल्या दिवशी कोणीतरी दुसरे टोक धरलेले असते. तयार गोधडीवर शिवणारीचा टाका दिसतो आणि टोक धरणारा दिसत नाही, म्हणून गोधडीचे वर्णन करणाऱ्यांनीही त्याची दखल घेतलेली नाही.

पुढचा हिशेबही याच दिशेने नेतो. पावणेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशा गोधडीवर पाऊण इंचाच्या अंतराने ओळी घातल्या, तर लांबीच्या दिशेने साठ ओळी होतात, म्हणजे चारशे फुटांहून अधिक शिवण. इंचाला दोन टाके धरले, तरी संख्या दहा हजारांच्या जवळ जाते. हे काम एका व्यक्तीवर पडले तर ते ओझे होते, चौघांत वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच हजार टाके येतात आणि तेवढे टाके उन्हाळ्याच्या दुपारी गप्पा मारत, अधूनमधून पन्हे पीत, कोणाचीही पाठ न मोडता होतात. वयोमानाने ज्यांना सुईचे नेढे, म्हणजे दोरा ओवायचे छिद्र, दिसत नाही, परंतु ज्यांचा टाका अजून सरळ पडतो, अशा आजीला नातवंडांनी आधीच दहा-बारा सुया ओवून द्याव्यात, ही जुन्या घरांतली सर्वपरिचित रीत होती. तीत मुलांचे काम खोटे खोटे नव्हते, त्यांच्या डोळ्यांवाचून ते काम अडत असे. आजोबांनीही सुया ओवून द्याव्यात, किंबहुना शिवायलाच बसावे, या विधानावर सभागृहात आत्ता जो हशा पिकला, तो मोकळा आणि आपुलकीचा आहे. तरीही विधान गंभीरपणे केलेले आहे आणि त्याला आधार आहे.

तो आधार घोंगडीत, म्हणजे मेंढीच्या लोकरीच्या जाड वस्त्रात, सापडतो. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि खरखरीत असते. ती कातरणे, निवडणे, पिंजणे, कातणे आणि विणणे या पायऱ्या परंपरेने धनगर, म्हणजे मेंढपाळ, आणि सनगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या, कुटुंबांत वाटल्या गेल्या असून सूत प्रामुख्याने बायकांनी कातावे आणि कापड पुरुषांनी खड्डामागावर, म्हणजे पाय खाली सोडून बसण्यासाठी जमिनीत खड्डा केलेल्या मागावर, विणावे अशी विभागणी दिसते. विणण्यापूर्वी ताण्याला, म्हणजे मागावरील उभ्या धाग्यांना, चिंचोक्यांची खळ देतात, कारण सुट्या, केसाळ लोकरीचा धागा मागाच्या घर्षणात तुटतो आणि खळीने तो बांधला जातो. चिंचोके भाजणे, त्यांची साले काढणे, ते भिजवून वाटणे आणि शिजवणे हे काम स्वयंपाकघराचे, तर ताणा पसरून त्यावर खळ फिरवणे हे अंगणाचे. म्हणजे एक घोंगडी होईपर्यंत चुलीपासून अंगणापर्यंत सारे घर राबलेले असते आणि त्यात पुरुषाच्या हातातून धागा गेल्याने कोणाला हसू येत नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घोंगडी पांघरूण होते, पावसातले आच्छादन होते, अंथरूण आणि धान्य वाळवण्याचे पसरणेही होते, आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे अजून इतके आहे की त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. तथापि अध्यक्षस्थानावरून वेळेची जाणीव करून देणारी चिठ्ठी आली असल्याने घोंगडी येथेच ठेवणे भाग आहे.

वस्त्रकाम केवळ मुलींचे, हा समज आजच्या रूपात घट्ट व्हायला शाळांचाही हातभार लागला. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकामाला निराधार स्त्रियांच्या उपजीविकेचे साधन बनवले, हे कार्य थोर आहे आणि त्याविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. परंतु पुढे सर्वसाधारण शाळांतून शिवण हा विषय मुलींसाठी राखीव झाल्यावर मुलाच्या हातातील सुई सुटली. याच्या अगदी उलट प्रयोगही महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला: ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला आणि नई तालीम या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या शिक्षणात कताई ही मुलगे आणि मुली दोघांनीही शिकायची एक मूलभूत हस्तकला ठरली. त्या योजनेचे पुढे काय झाले हा मोठा आणि वेगळा प्रश्न आहे.

उजवीकडील आसनांवरून एक आक्षेप मध्येच आला असून तो टाळणे अनुचित ठरेल. गोधडीचे असे गुणगान म्हणजे बायकांच्या कष्टांवर आणि गरिबीवर घातलेले सुंदर पांघरूण आहे, असा तो आक्षेप आहे. त्यातील वस्तुस्थिती निर्विवाद आहे: दिवसभराची शेतातील आणि चुलीवरची कामे उरकून, मिणमिणत्या दिव्यापुढे, दुसरे पांघरूण घेण्याची ऐपत नाही म्हणून असंख्य स्त्रियांनी वाकळी शिवल्या, काहींनी दुसऱ्यांच्या घरी जाऊन मजुरीनेही शिवून दिल्या, आणि त्या कष्टांचे कौतुक फार उशिरा झाले. चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागवल्यामुळे ज्यांना लोक गोधडे महाराज म्हणत, त्या संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गरिबीचे गोडवे गायले नाहीत. त्यांनी हातात झाडू घेतला आणि शाळा, धर्मशाळा उभारल्या. तेव्हा आक्षेप मान्य करूनही निष्कर्ष वेगळा निघतो. ओझे गोधडीचे नव्हते, ते एकटीवर टाकलेल्या गोधडीचे होते आणि त्यावरचा उपाय गोधडी सोडून देणे हा नसून दुसरे टोक धरायला घरातील पुरुषांनी आणि मुलांनी बसणे हा आहे. हे मत हट्टाचे वाटत असेल तर वाटो. हट्ट धरावा असेच ते आहे.

यंत्रावर शिवलेल्या गोधडीविषयीचे विवेचन वेळेअभावी दोन वाक्यांत आटोपावे लागत आहे. शिवणयंत्राचे दाते खालचे कापड पुढे ओढतात आणि वरचा थर मागे रेंगाळतो, त्यामुळे अनेक थरांच्या जाड कामात चुण्या येतात. शिवाय यंत्राचा दुहेरी दोऱ्याचा टाका घट्ट आणि ताठ असल्याने हाताच्या एकेरी धावदोऱ्याइतका लवचीकपणा त्या गोधडीत उरत नाही.

ज्यांना याच सुट्टीत काम सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच, की चैत्र-वैशाख हाच त्याचा काळ आहे, कारण कापड कडक उन्हात वाळते, शाळा बंद असतात आणि पावसाळ्यापूर्वी पांघरूण तयार होते. पहिल्यांदा दुपटे शिवावे, कारण ते चार दुपारींत पुरे होऊ शकते आणि लहान मुलांचा उत्साह तेवढा टिकतो. त्यानंतर मोठ्या गोधडीला हात घालावा. सर्व कापड गरम पाण्यात धुऊन रंग जाणारे वेगळे काढावे, बटणे आणि हुक काढावेत, दोरा सुतीच घ्यावा आणि लहान मुलांच्या हातून झालेले वाकडे टाके उसवू नयेत. दसरा काढताना, म्हणजे घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याच्या वेळी, भिजलेली गोधडी इतकी जड होते की ती पिळायलाही दोन टोकांना दोन माणसे लागतात. तेव्हा शिवताना बसलेल्या जोड्या येथेही उपयोगी पडतील.

शेवटचा लेखी प्रश्न घरात साठलेल्या पॉलिएस्टरच्या साड्यांविषयीचा आहे. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरू शकतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, त्यामुळे घाम टिपला जात नाही आणि अशी गोधडी रात्री अंगावर नकोशी होते. थरही एकमेकांवरून घसरत राहतात. या साड्यांच्या तीन-तीन बोटे रुंद पट्ट्या फाडून, त्यांच्या वेण्या घालून आणि त्या वेण्या गोल गोल जोडून पायपुसणी करावीत. ती लवकर वाळतात, आणि वेणी घालण्याचे काम सहा-सात वर्षांच्या मुलालाही पहिल्याच दिवशी जमते.