दोघांची एक छत्री
(बोईसर येथील भाषणाचा सारांश)



पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली. पण नवखी बाई सहसा एकटी उडी मारत नाही. खांद्यांशी आणि कमरेशी, चार ठिकाणी ती प्रशिक्षकाच्या पुढ्यात जोडलेली असते. प्रशिक्षक बहुधा पुरुष.

साधारण दीड हजार मीटरवर छत्री उघडते. त्याआधी तो खूण करतो, हात छातीशी घे. घाबरून तिने त्याचा हात धरला तर दोघांचाही जीव धोक्यात. छत्री उघडली की पालथं अंग झटक्यात उभं होतं, भार मांड्यांच्या पट्ट्यांवर येतो. मग छत्री नीट उघडली ना, हे पाहून तो कमरेकडच्या जोडण्या थोड्या सैल करतो. आधी सांगितलं नसेल तर तिला वाटणारच, हा मला सोडतोय! किंवा, याचा हात इथे कशाला?

म्हणून चांगला प्रशिक्षक जमिनीवरच सांगतो, कुठे हात लागेल, केव्हा, कशासाठी. पट्टा आवळण्याआधी विचारतो.

आपण कदाचित कधी उडी मारणार नाही. पण तारापूरच्या कारखान्यात कोणी आपला सेफ्टी बेल्ट बांधतो, दवाखान्यात तपासणी होते. तिथेही हेच तीन प्रश्न विचारा. सुरक्षेसाठी स्पर्श लागतो, पण सुरक्षेच्या नावाखाली काहीही खपवून घ्यायचं नाही. कामाच्या ठिकाणचा नकोसा लैंगिक स्पर्श २०१३ च्या कायद्याने छळ ठरतो. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. एकटीने नको, मैत्रिणीला घेऊन जा.