नफा खाजगी, शिसे सार्वजनिक

(व्याख्यानाचा गोषवारा)

अर्थशास्त्रात 'बाह्य खर्च' अशी एक सोज्वळ संज्ञा आहे. तिचा खरा अर्थ लॉस एंजेलिसजवळच्या व्हर्नन येथे पाहावा. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढणारा, अनेक दशके चाललेला एक कारखाना तेथे होता. २००० पासून तो एक्साइड कंपनीच्या मालकीचा होता. त्यातून उडालेले शिसे बॉइल हाइट्स, मेवुड अशा, मुख्यतः लॅटिन अमेरिकी वंशाच्या श्रमिकांच्या वस्त्यांतील अंगणांत साचले. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातोंडावाटे ते शरीरात शिरते, मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि हाडांत वर्षानुवर्षे ठाण मांडते.

२०१५ मध्ये फौजदारी खटला टाळण्याच्या बोलीवर कारखाना कायमचा बंद झाला. २०२० मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयाने कंपनीला ती दूषित जागा सोडून देण्याची मुभा दिली. हजारो घरांभोवतीची माती उपसण्याचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवर, पडला. कंपनीची सुटका झाली. हाडांत शिसे घेऊन जगणाऱ्या मुलाने नादारीचा अर्ज कोणाकडे करावा?

पुनर्वापराला आपला विरोध नाही. परंतु सफाईची पुरती अनामत आधी आणि परवाना नंतर, हा क्रम कायद्याने बांधला पाहिजे. अन्यथा नफा कंपनीचा आणि शिसे गरिबाच्या मुलाचे, हीच वाटणी चालू राहील.