मिरजेत आपलं स्वागत असो



1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उघडलं. तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून माणसं दुखणं घेऊन मिरजेच्या गाडीत बसत आली. तो इतिहास आपण जाणताच. मला आज नाव घ्यायचं आहे ते फरीदसाहेब शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या तलवारी म्यानात गेल्या, आणि मिरजेच्या पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं हा कारागीर तंबोऱ्या-सतारीकडे वळला. कडू भोपळा पारखणं, तबली बसवणं, जवारी काढणं ही सारी विद्या पुढे सतारमेकर गल्लीभर पसरली. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी फरीदसाहेबांचं नाव आमच्या शाळेतल्या पोरांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तार तीच ठेवून भोपळा बदलला की नाद बदलतो, हे सतारमेकर गल्लीत कुणीही सांगेल. आपल्या विषयाचं मर्मही मला तिथेच दिसलं. डिफिब्रिलेशनला, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्यानं ताळ्यावर आणायला, किती ज्यूल लागतील, तो उंबरठा आपण संशोधक संगणकातल्या छातीवर काढता. हृदयस्नायूपैकी 95 टक्के भागात दर सेंटिमीटरला निदान 5 व्होल्टचा उतार मिळावा, हा त्यातला एक रूढ निकष. पण वीज रक्तातून सहज वाहते, हवेनं भरलेल्या फुप्फुसातून अवघड. स्नायूत तंतूंच्या दिशेनं जास्त, आडवी कमी. बाकी सारं तेच ठेवून स्नायूची वाहकता वाढवून धरली, तर तिथला उतार उथळ होतो आणि उंबरठा वर सरकतो. वाहकतेच्या त्या एका आकड्यावर उद्या कुणाच्या छातीतल्या यंत्राचा निर्णय टेकणार असेल, तर तो आकडा कुठून घेतला यावर इथे मनसोक्त वाद व्हावा.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास दोन ठिकाणी विभागला गेला, काही खोल्यांत गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल, दुपारी वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागेल. क्षमा असावी. सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, जेवणाचा खर्च उचलणारे व्यापारी बंधू, धान्य पाठवणारे शेतकरी, गाड्या देणारे डॉक्टर, रात्री स्टेशनवर उभे राहिलेले विद्यार्थी, पोळ्या लाटणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, मांडववाले, ध्वनिक्षेपकवाले या सर्वांची स्वागत समिती ऋणी आहे.

संध्याकाळी साडेपाचला सतारमेकर गल्लीत जाण्यासाठी फाटकापाशी बस उभी असेल. नावं कृपया चहाच्या वेळी नोंदवावीत.