हिमाच्या गावी आठवडाभर
(शंकर नगर, रायपूर येथील शरद व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मैनपाटावर किंवा चिल्फीच्या घाटात पहाटेचे दव गोठल्याची वार्ता आली की रायपुरातून गाड्या भरभरून निघतात, हे या सभागृहातील प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. हीच ओढ, पैसा आणि सवड मिळताच, आपल्याला स्वित्झर्लंडपर्यंत घेऊन जाते. आणि तेथे सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेबरहुकूम टिटलिसवर दोन घटका व युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानकात दोन घटका घालवून आपण खाली उतरतो. त्या सहलींना मी नावे ठेवीत नाही. ज्यांनी जन्मभर रायपूरचा वैशाख सोसला अशा कितीतरी वडीलधाऱ्यांना हिमाचे दर्शन त्यांच्यामुळेच घडले. परंतु ज्या कुटुंबांना स्कीइंग शिकण्याची मनापासून हौस आहे त्यांना माझी विनंती अशी आहे की, दहा दिवसांत चार देश पाहण्याचा बेत बाजूस सारून त्यांनी आल्प्समधील एखाद्या लहानशा, शेतकऱ्यांच्या गावी आठवडाभर मुक्काम करावा, आणि त्या मुक्कामाची तजवीज या शरदातच सुरू करावी.

उदाहरणादाखल मी एकच गाव घेतो. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात ओत्झ नावाचे एक लांबलचक खोरे आहे. त्याच्या वरच्या अंगास झोल्डेन हे स्कीइंगचे विख्यात केंद्र असून तेथील लिफ्टचे जाळे थेट हिमनद्यांपर्यंत जाऊन पोहोचले आहे. आणि त्याच्या पुढे फुटणाऱ्या अरुंद फाट्याच्या अगदी टोकास, १,८९५ मीटर उंचीवर, जेथे रस्ताच संपतो, तेथे फेंट हे शे-दीडशे वस्तीचे गाव वसले आहे. एक चर्च, घरच्याच माणसांनी चालवलेली काही अतिथिगृहे, बोटांवर मोजता येतील एवढ्या लिफ्ट, आणि माथ्यावर उत्तर टिरोलमधील सर्वोच्च शिखर विल्डश्पिट्से, एवढाच या गावाचा पसारा. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबने २००८ साली ‘गिर्यारोहकांची गावे’ ही योजना आरंभली, तिच्यात फेंटचा समावेश आहे. अवाढव्य यांत्रिक उभारणीचा मोह टाळून आपली शेती, आपली घरे आणि आपली शांतता राखणाऱ्या गावांनाच तिच्यात स्थान मिळते.

या गावास पाहुणा नवा नाही. १८६० साली फ्रान्झ झेन नावाचे एक तरुण धर्मोपदेशक येथे नेमणुकीवर आले. दारिद्र्याने गांजलेल्या आपल्या शेतकऱ्यांस गिर्यारोहकांच्या येण्याजाण्यातून चार पैसे मिळावेत, या एकाच तळमळीने त्यांनी आपले निवासस्थान प्रवाशांस खुले केले, पायवाटा बांधवून घेतल्या, गावच्या माणसांस वाटाड्याच्या कामात तयार केले, आणि या सर्वांपायी स्वतः कर्जबाजारी झाले. १८६९ साली म्युनिक येथे स्थापन झालेल्या जर्मन अल्पाइन क्लबच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. मला या पुरुषाविषयी अपार आदर वाटतो. कारण पाहुणा गावात यावा, त्याने गावाला हातभार लावावा, परंतु गाव मात्र गावच राहावे, ही दृष्टी त्यांनी त्या काळी ठेवली.

दुसरी हकीकत मेंढ्यांची आहे, आणि ती आपल्या लोकांस विशेष जवळची वाटेल. दिवाळीनंतर घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारे आपले धनगर जसे ऋतुमानाप्रमाणे कळप हलवतात, तसेच मुख्य पर्वतरांगेच्या दक्षिणेकडील श्नाल्स खोऱ्यातील मेंढपाळ जून महिन्यात हजारो मेंढ्या घेऊन, खिंडीतील बर्फ तुडवीत, फेंटच्या वरच्या कुरणांवर येतात आणि सप्टेंबरात परततात. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीकडे गेला, मेंढ्यांचे मालक एका राष्ट्रात आणि कुरणे दुसऱ्या राष्ट्रात अशी स्थिती झाली, तरी चराईची ती शतकानुशतकांची वहिवाट मोडली नाही. ऋतुमानाप्रमाणे कळप हलवण्याच्या या परंपरेस युनेस्कोने २०१९ साली आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. याच रांगेवर १९९१ साली पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मानवाचे, ओत्झीचे, शरीर बर्फातून बाहेर आले, म्हणजे या वाटेवरचा मनुष्यसंचार किती प्राचीन आहे हे ध्यानी येईल. ज्या उतारावर आपण जानेवारीत घसरण्याचा अभ्यास करणार तो उतार अशा कुणाच्या तरी उपजीविकेचा आहे, आणि आपल्याला स्की शिकवणारा गृहस्थ उन्हाळ्यात गवत कापणारा शेतकरी असणे टिरोलात मुळीच नवलाचे नाही.

आता प्रत्यक्ष तजविजीकडे वळू. लिफ्ट साधारणतः डिसेंबरच्या उत्तरार्धापासून ईस्टरच्या सुमारापर्यंत चालतात. नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतील युरोपीय शाळांच्या सुट्या या दोन्ही काळांत दर चढतात व खोल्या मिळत नाहीत. मधला जानेवारी शांत आणि स्वस्त, मात्र कडाक्याच्या थंडीचा. मार्चमध्ये दिवस मोठा, ऊन सुखद, परंतु दुपारनंतर बर्फ मऊ पडते. आपली अडचण अशी की मार्च हा आपल्या मुलांच्या परीक्षांचा महिना. म्हणून शाळकरी मुलांच्या आईबापांनी जानेवारीचा दुसरा पंधरवडा पत्करावा आणि शाळेकडून आठवड्याची रजा रीतसर अर्ज करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गाव निवडताना उंचीकडे अवश्य पाहावे. हवामान उष्ण होत चालल्यामुळे हजार मीटरांच्या आसपासच्या गावांत हिमाचा भरवसा उरलेला नाही.

रायपुराहून विमानाने दिल्ली वा मुंबई, तेथून म्युनिक किंवा झ्युरिक, मग रेल्वेने ओत्झताल स्थानक आणि पुढे बस, असा मार्ग आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर कधीही ढकलू नये. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, परंतु केवळ तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. सर्वसाधारण प्रवासविम्यात स्कीइंगच्या अपघाताचा खर्च पुष्कळदा वगळलेला असतो, आणि डोंगरातून जखमी मनुष्यास हेलिकॉप्टरने उतरवण्याचा आकडा मध्यमवर्गीय घराची घडी विस्कटून टाकणारा असतो. म्हणून दस्तऐवजातील बारीक अक्षर स्वतः वाचून त्या कलमाची खातरजमा करावी.

देहाची तयारी याहून सोपी व फुकटची आहे. स्कीवर सारा भार मांड्यांवर येतो, आणि मांड्यांसाठी आपल्या तालमीतील बैठकांसारखा व्यायाम नाही. आजपासून रोज घालीत गेल्यास जानेवारीत त्याचे फळ मिळेल.

बुटाविषयी मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नवशिक्याचा आठवडा बुटापायी वाया जातो. स्की, बूट व शिरस्त्राण तेथे भाड्याने मिळतात. आपण काही विकत घेऊ नये. बूट टणक आवरणाचा असतो, त्यात एकच पातळ लांब मोजा घालावा. थंडीच्या भयाने दोन घातल्यास पाय दाबला जाऊन उलट अधिक गारठतो. बूट चढवून ताठ उभे राहिले असता अंगठ्याचे टोक पुढे हलकेच टेकावे, आणि गुडघे पुढे वाकवून पोटरी बुटाच्या जिभेवर रेलताच ते किंचित मागे सरावे. टाच मात्र जागची उचलली जाता कामा नये. दुकानदार वजन, उंची, वय आणि सराव विचारतो, त्यास खरे तेच सांगावे. कारण पडताना स्की पायापासून सुटावी अशी जी कळ बुटाखाली असते तिचा ताण तो या माहितीवरून बसवतो, आणि संकोचाने वजन कमी सांगितल्यास स्की नको त्या वेळी सुटून मनुष्य पडू शकतो.

पहिले तीन दिवस गावच्या शिक्षकाकडे वर्ग लावावा. स्कीची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवून वेग आवरणे, ही पहिली विद्या. ती अंगवळणी पडल्यावाचून निळ्या खुणांच्या सोप्या उताराखेरीज लाल वा काळ्या उताराकडे फिरकू नये.

जेवणाची चिंता आपल्याकडे फार केली जाते. अतिथिगृहात बहुधा सकाळची न्याहारी व संध्याकाळचे भोजन भाड्यातच धरलेले असते. आपण मांस, मासे, अंडे यांपैकी काय वर्ज्य करतो ते आरक्षणाच्या पत्रातच निःसंदिग्ध लिहावे, केवळ ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नये, कारण तेथील शाकाहारी पदार्थांत अंडे सहज असते. संध्याकाळचे जेवण ठरावीक वेळी वाढले जाते व रात्री लवकर सामसूम होते; आपण घोळक्याने जाणारे आणि मोठ्याने बोलणारे लोक आहोत, तेव्हा यजमानांच्या या शिस्तीचा मान आपण राखलाच पाहिजे.

ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनी औली किंवा गुलमर्ग येथे प्रारंभ करावा. औलीचे उतार उत्तम आहेत. मात्र खालच्या जोशीमठात जमीन खचू लागल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये तेथील रोपवे बंद पडला, हे लक्षात घेऊन रस्त्याने जाण्याची तयारी ठेवावी.

शेवटचा मुद्दा हिमस्खलनाचा. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी टिरोलमधीलच गाल्ट्यूर या गावावर दरड कोसळावी तसे हिम कोसळून एकतीस माणसे दगावली; त्यानंतर बांधबंदिस्ती पुष्कळ वाढली, पण डोंगराचा स्वभाव बदललेला नाही. धोक्याची पातळी एक ते पाच या अंकांत रोज जाहीर होते, ती सकाळी यजमानांस विचारावी, आणि खुणा केलेल्या उताराबाहेर पाऊल टाकू नये. जोराच्या हिमवृष्टीत फेंटचा रस्ता स्खलनाच्या भयाने बंद ठेवला जातो. म्हणून परतीच्या विमानाआधीचे दोन दिवस मोकळे ठेवून खाली इन्सब्रुकला यावे. रस्ता वेळेवर खुला राहिला तर ते शहर निवांत पाहून होईल, आणि नाही राहिला तरी विमान चुकणार नाही.